नाव आधी की पक्षी आधी

उत्सुक : ताई, माझ्या नोंदीपुढे तुम्ही प्रश्नचिन्ह लावलंत, ते मला सलतंय. जूनचा दुसरा आठवडा. तीन दिवस पश्चिमेचा वारा थांबला नव्हता, पाऊस मात्र आमच्याकडे नावालाच. सकाळी मोटार चालू करायला भीमेकाठी गेलो, तर उसाच्या बांधावर एक सुरय बसलेला. वरून काळा, खालून पांढरा, शेपटी खोल दुभंगलेली, कपाळावर पांढरं. आमचा नदी सुरय मी लहानपणापासून बघतोय. त्याची चोच पिवळी, पाठ राखाडी, आणि वाळूवर बसला तरी तो ताठ बसतो. हा पंख ओघळून बसला होता. चाळीस पावलांवर गेलो तरी उठला नाही. पंधरा-वीस मिनिटांनी पंख झाडले, वाऱ्याला तोंड करून उठला आणि नदीवरून सिद्धटेकच्या अंगाला निघून गेला. घरी येऊन लिहिलं, सूटी टर्न, एक. दौंडपासून समुद्र सरळ रेषेत पावणेदोनशे किलोमीटर. वाऱ्यानं आणल्याशिवाय असला पक्षी इथं येईल कसा? आणि तुम्ही म्हणता, खात्री नाही.

साशंक : तू पक्षी पाहिला नाहीस असं मी म्हटलेलंच नाही. उलट तू काय पाहिलंस ते मला आत्ता पहिल्यांदा कळतंय. पंख ओघळलेले, चाळीस पावलं, वाऱ्याला तोंड, यातलं काहीच तुझ्या नोंदीत नव्हतं. तिथं होतं नुसतं नाव, संख्या आणि पुढे ‘नक्की’. तू मला पक्षी दाखवलाच नाहीस, त्याचं नाव दाखवलंस. नावावर शंका घेता येते किंवा विश्वास ठेवता येतो, ते तपासता येत नाही. तपासता येतो तो पक्षी.

आता तपासू. तुझ्या वर्णनात बसणारे समुद्री सुरय दोन आहेत. एक सूटी टर्न, दुसरा ब्रायडल्ड टर्न. दोघंही वरून गडद, खालून पांढरे, दोघांची शेपटी दुभंगलेली, दोघांच्या कपाळावर पांढरं. फरक आहे तो बोटभर जागेत. सूटीच्या कपाळावरचा पांढरा पट्टा रुंद असतो आणि डोळ्यापाशी येऊन थांबतो. ब्रायडल्डचा पट्टा अरुंद असतो आणि भुवईसारखा डोळ्याच्या मागे जातो. सूटीची पाठ काळी, ब्रायडल्डची राखट तपकिरी. ब्रायडल्डच्या मानेवर कित्येकदा फिकट पट्टी असते, त्यामुळे डोक्याची काळी टोपी पाठीपासून वेगळी दिसते. सूटीत टोपी आणि पाठ एकाच काळ्यात मिसळलेली. मग सांग, ते पांढरं डोळ्यापाशी थांबत होतं की मागे जात होतं?

उत्सुक : कपाळावर पांढरं होतं हे नक्की. मागे किती जात होतं, ते... खरं सांगू का, ताई, मी तेव्हा तसं बघितलंच नाही. मी पाठीकडे बघत होतो. ती काळी होती. तपकिरी नव्हती.

साशंक : आभाळ भरलेलं होतं?

उत्सुक : भरलेलं. पक्ष्याच्या मागे नदीचं पाणी चमकत होतं. फोनमध्ये एक फोटो आहे, त्यात तो सावलीसारखाच दिसतोय.

साशंक : मग काळ्या रंगाची साक्ष कच्ची झाली. भिजलेलं पीस कोरड्यापेक्षा गडद दिसतं. मागून उजेड आला की तपकिरी पाठही काळी दिसते. दमलेला पक्षी मान खांद्यांत ओढून बसतो, त्यामुळे मानेवरची फिकट पट्टी झाकली जाते. प्रत्येक खूण आपापल्या अटी घेऊन येते, आणि त्या अटी लिहिल्या नाहीत तर खूण आंधळी. आणखी एक. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर ब्रायडल्ड टर्न वीण करतो. म्हणजे तो आपल्याच महाराष्ट्राचा पक्षी, कोकणच्या पाण्यातला. सूटीची आपल्या बाजूची ठाऊक असलेली वसाहत लक्षद्वीपमधल्या पिट्टी बेटावर. ते वाळूचं इवलंसं बेट, तिथले लोक त्याला पक्षीपिट्टीच म्हणतात. दोघांपैकी एकच वाऱ्यानं उचलायचा असेल, तर जवळचा आधी उचलला जाईल असं का धरू नये?

उत्सुक : कारण जवळ कोण राहतो यावर वारा चालत नाही. सूटीची वसाहत पिट्टीवर असली तरी सूटी तिथं बसून नसतो. पिल्लू एकदा उडालं की वीण करायला परत येईपर्यंत काही वर्षं ते हवेतच काढतं. त्याच्या पिसांना पाणी नीट अडवता येत नाही, म्हणून समुद्रावर बसून विसावा घेणं त्याला परवडत नाही. सगळा अरबी समुद्रच त्याचं घर आहे म्हणा ना. आणि वादळानंतर जमिनीवर आत सापडणाऱ्या पक्ष्यांत सूटीचं नाव जगभर पुढे असतं. अमेरिकेत चक्रीवादळ येऊन गेलं की पक्षीनिरीक्षक आतल्या तलावांवर सूटी शोधायलाच धावतात.

वाराही समजून घ्या. आपल्या गोलार्धात चक्रीवादळ डावीकडे वळत फिरतं. म्हणून ते किनाऱ्यावर चढताना त्याच्या उजव्या अंगाचा वारा समुद्राकडून जमिनीकडे ढकलतो. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आठवा. श्रीवर्धन-अलिबागच्या पट्ट्यात ते किनाऱ्यावर आलं आणि ईशान्येला सरकलं. आपला जिल्हा बराचसा त्याच्या उजव्या हाताला. त्या वाऱ्यात सापडलेला पक्षी सह्याद्री ओलांडून आला, तर खाली त्याला काय दिसतं? भीमा, घोड, कुकडी, मुळा-मुठा. सगळ्यांचं तोंड पूर्वेला. पाण्याची वाट धरली की तो शिरूरला येतो, दौंडला येतो आणि पुढे उजनीच्या फुगवट्यावर पोचतो. १९८० साली उजनी धरण झालं, तेव्हापासून भीमेच्या वाटेवर एक बारका समुद्रच तयार झाला आहे. माझ्या बांधावर सूटी उतरावा हा चमत्कार नाही, ताई. ती भूगोलाची सरळ बेरीज आहे.

साशंक : बेरीज सरळ आहे, आणि मला भीती तिचीच वाटते. गोष्ट इतकी नीट जुळली की डोळा तिच्या मागे चालायला लागतो. तू बांधावर गेलास तेव्हा तीन दिवसांचा वारा तुझ्या डोक्यात होता, सूटीचं नाव तुला ठाऊक होतं. पक्षी दिसला आणि नाव आधी आलं. मग जे नावाशी जुळतं तेवढंच दिसलं, काळी पाठ. भुवई बघायची राहून गेली, कारण तोवर प्रश्नच उरला नव्हता.

वाऱ्याबरोबर आलेलं सगळं वाट चुकलेलं नसतं, हेही बघ. त्याच जूनमध्ये त्याच वाऱ्याबरोबर चातक येतो. वरून काळा, खालून पांढरा. तुरा आणि पंखावरची पांढरी खूण दिसली नाही, तर दुरून घाईत त्याचाही घोटाळा होईल. पण चातक समुद्र ओलांडून येतो तो ठरल्या वाटेनं. तो वाऱ्यावर स्वार आहे, त्यानं उडवून आणलेला नाही. उजनीकाठच्या भिगवणला हिवाळ्यात कुरव येतात, शेकड्यांनी. कोणी नवखा माणूस समुद्रपक्षी म्हणून त्यांनाही वादळाशी जोडेल. ते दरवर्षीचे पाहुणे आहेत. आणि समुद्रपक्षीही वाऱ्यापुढे पाचोळ्यासारखे उडतात असं नाही. जपानजवळच्या स्ट्रीक्ड शिअरवॉटर पक्ष्यांना यंत्रं लावून केलेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. वादळ आल्यावर जमिनीवर फेकले जाऊ नये म्हणून त्यातले काही पक्षी वादळाच्या डोळ्याच्या दिशेनं उडत गेलेले दिसले. म्हणजे ‘वारा होता म्हणून पक्षी आला’ हे वाक्य सिद्ध करावं लागतं. ते पुरावा म्हणून वापरता येत नाही. आधी पक्षी ठरव, मग वाऱ्याला साक्षीला बोलाव. तू वाऱ्याच्या साक्षीवर पक्षी ठरवलास.

उत्सुक : पण एवढी काटेकोर वसुली कशासाठी? मी काही कोणाला फसवत नाही. चुकलो तर यादीत एक नाव चुकेल. पक्ष्याचं त्यात काय जातं?

साशंक : जातं. रानपिंगळ्याचं किती गेलं ते ऐक. या छोट्या घुबडाचे शेवटचे खरे नमुने १८८४ चे, आपल्या खानदेशातले, जेम्स डेव्हिडसननं गोळा केलेले. त्यानंतर पक्षी बेपत्ता. पण एक नोंद मात्र नंतरची होती. कर्नल माइनर्टझहागेनचा दावा होता की १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला त्यानं रानपिंगळा मिळवला. नमुना संग्रहालयात, चिठ्ठी लावलेली, तारीख घातलेली. माणूस नावाजलेला. कोण शंका घेणार? पुढे पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी दाखवून दिलं की तो नमुना डेव्हिडसनच्याच जुन्या नमुन्यांपैकी चोरलेला होता. त्याची डागडुजी करून त्यावर खोटी चिठ्ठी डकवली होती. ते खोटं गाव शोधातून वजा केलं, जुन्या खऱ्या जागांकडे लोक वळले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, रानपिंगळा जिवंत बसलेला सापडला. ११३ वर्षांनी! एका खोट्या नोंदीनं त्याचा माग भलतीकडे नेऊन ठेवला होता. नोंद म्हणजे पुढच्या माणसाच्या हातात दिलेला पत्ता असतो. पत्ता चुकला तर चालणारा चुकतो.

उत्सुक : ताई, तो चोर होता. माझं काय? मी उसाला पाणी द्यायला गेलेला माणूस आहे. लबाडीची शिक्षा प्रामाणिक चुकीला कशी लावता?

साशंक : शिक्षा नाही लावत. पण पन्नास वर्षांनी नोंद वाचणाऱ्याला तुझं मन वाचता येणार नाही. लबाडी आणि प्रामाणिक चूक कागदावर सारख्याच दिसतात. ‘सूटी टर्न, एक, नक्की.’ दोघांना वेगळं करणारी गोष्ट एकच आहे. प्रामाणिक माणूस आपण काय पाहिलं नाही तेही लिहू शकतो. खोटं बोलणाऱ्याला ते सुचत नाही, कारण त्याला नोंद भरीव दिसायला हवी असते.

उत्सुक : हे पटलं. लिहून ठेवतो. पण आता माझं ऐकून घ्या, कारण तुमच्या शंकेलाही किंमत पडते आणि ती कोणी मोजत नाही.

अमूर ससाणा घ्या. पूर्वी आपल्याकडे कोणी तो पाहिला असं म्हटलं की लोक मान हलवायचे. भलताच काहीतरी असेल, म्हणायचे. २०१३ मध्ये नागालँडमध्ये तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाला कळवणारी यंत्रं बसवली आणि ते पक्षी द्वीपकल्प ओलांडून, अरबी समुद्र पार करून आफ्रिकेत गेलेले सगळ्यांनी पाहिले. आता नोव्हेंबर-डिसेंबरात सह्याद्रीत लोक त्यांची वाट बघतात. पक्षी वाढले नाहीत, बघणारे वाढले. आधीच्या काळात ज्यांनी पाहिला, सांगितला आणि मान हललेली बघून पुढे गप्प बसले, त्यांचं काय? त्यांच्या नोंदी कोणत्या वहीत शोधायच्या?

निसर्ग वादळाचंच बोला. ३ जून २०२०. टाळेबंदीतून माणसं नुकती कुठे बाहेर पडत होती. चिंचणीच्या घोड धरणावर, उजनीच्या काठावर त्या आठवड्यात दुर्बीण घेऊन किती जण उभे असतील? उद्या कोणी नकाशा काढेल. किनाऱ्यावर ठिपके दिसतील, मुंबईत दिसतील, पुणे शहरात दिसतील आणि शिरूर-दौंडवर कोरी जागा. वाचणारा म्हणेल, इथं समुद्रपक्षी येत नाहीत. अहो, पक्षी येत नाहीत की विचारणारा येत नाही? आमच्याकडे जूनमध्ये धरणाच्या उघड्या पोटात गाळपेर केलेली असते. तिथं माणसं असतात, मासेमारी करणारे असतात, मेंढ्या घेऊन फिरणारे धनगर असतात. त्यांना वेगळा पक्षी लगेच ओळखू येतो, कारण रोजचे सगळे पाठ असतात. त्यांनी सांगितलेलं तुम्ही ‘पुरावा नाही’ म्हणून बाजूला ठेवलंत की पुढच्या वेळी ते सांगतच नाहीत.

साशंक : हे मात्र खरं आहे. माझ्याकडून असं झालेलं आहे. कोरी जागा दोन तऱ्हेची असते. एक, पाहिलं आणि नव्हतं. दुसरी, पाहिलंच नाही. नकाशावर दोन्ही पांढऱ्याच. शंका घेणाऱ्यानं लोकांना गप्प केलं, तर तो दुसऱ्या पांढऱ्याला पहिल्याचं सोंग देतो. तेही खोटंच झालं, आणि ते माझ्या पदरात पडतं.

पण उपाय दार सताड उघडणं हा नाही. विचारायची रीत बदलायला हवी. तू त्या मासेमाराला पुस्तकातलं चित्र दाखवून ‘हाच होता ना?’ असं विचारलंस तर तो ‘हो’ म्हणेल. चांगला माणूस आहे, तुझा हिरमोड करणार नाही. त्याऐवजी चित्र झाकून ठेव आणि म्हण, ‘कसा होता सांगा.’ मग तो सांगेल ते खरं बोलणं. ‘पाठ ओल्या कोळशासारखी’, ‘डोक्यावर पांढरं, टिळा लावल्यागत.’ टिळा म्हणाला तर मी कान टवकारीन, कारण टिळा कपाळावर थांबतो. ‘भुवई पिकलेली’ म्हणाला तर ब्रायडल्डकडे झुकेन. त्याला दोन्ही नावं माहीत नाहीत, हीच त्याच्या साक्षीची ताकद. तुला नाव माहीत होतं, ही तुझ्या साक्षीची अडचण.

उत्सुक : म्हणजे कमी जाणणाऱ्याची साक्ष जास्त मोलाची?

साशंक : तेवढ्यापुरती. जाणकाराला कुठे बघायचं ते कळतं, अजाणत्याला काय दिसायला हवं ते माहीत नसतं. दोन्ही एकाच माणसात आणायचं असेल तर एकच शिस्त आहे. पुस्तक उघडायच्या आधी, तिथंच बांधावर, चोचीपासून शेपटीपर्यंत क्रमानं लिहायचं. चोच, कपाळ, भुवई, मान, पाठ, पंखाची खालची बाजू, शेपटी, पाय. जे दिसलं नाही तिथं ‘दिसलं नाही’. उजेड कुठून, अंतर किती, पिसं ओली की कोरडी. नाव सगळ्यात शेवटी. तुझी ही नोंद मी अशी लिहीन : गडद पाठीचा समुद्री सुरय, एक. सूटी किंवा ब्रायडल्ड.

उत्सुक : किंवा! वीस मिनिटं जीव मुठीत धरून बघितलं आणि हातात आलं काय, तर ‘किंवा’.

साशंक : ‘किंवा’ला कमी लेखू नकोस. त्यात नदी सुरय गेला, चातक गेला, कल्लेवाला सुरय गेला. कल्लेवाल्याचं विणीच्या दिवसांत नेमकं उलट असतं, पोट काळपट आणि पाठ फिकी. समुद्रावरचा पक्षी भीमेकाठी होता, ही मोठी गोष्ट त्यात शाबूत राहिली. वाऱ्याबद्दल, नदीच्या वाटेबद्दल, उजनीबद्दल तू जे म्हणतोस, त्या सगळ्याला दोघांपैकी कोणताही चालतो. ‘नक्की’ लिहिलंस तर एक शंका आली की सगळीच नोंद पडते. ‘किंवा’ लिहिलंस तर ती पडत नाही.

उत्सुक : ठीक. मग आता एक सांगतो, जे मी नोंदीत लिहिलं नाही. लिहिण्यासारखं वाटलं नव्हतं. ताई, मी चाळीस पावलांवर थांबलो ते मुद्दाम. अजून वीस पावलं गेलो असतो तर भुवई दिसली असती. फोटोही चांगला आला असता, कारण बांधाला वळसा घालून पलीकडून उजेड पाठीशी घेता आला असता. पण तो डोळे मिटत होता. मिटायचा, उघडायचा, परत मिटायचा. चोच जराशी उघडी. छाती इतकी हलत होती की चाळीस पावलांवरून दिसत होती. मला वाटलं, मी पुढे गेलो तर हा उठेल, आणि आत्ता उठायची ताकद त्याच्यात नाही. पाण्यावर बसता येत नाही असल्या पक्ष्याला. उठला आणि दमून नदीत पडला तर संपलं. म्हणून मी खाली बसलो. कुत्री आली तर हाकलायची, एवढंच ठरवलं. पडून राहिला असता तर खोक्यात घालून अंधारात ठेवायचं आणि वनविभागाच्या १९२६ ला फोन करायचा, हेही ठरवलं होतं. तो आपला आपण उठला.

तुम्ही म्हणता खात्री नाही. बरोबर, नाही. पण ती का नाही, तर मी पुढे गेलो नाही म्हणून. माझी शंका ही त्याच्या विसाव्याची किंमत आहे. ती माझ्या नावावर चूक म्हणून मांडायची का?

साशंक : ...नाही. चूक म्हणून नाही मांडता येणार.

या विद्येचा एक जुना डाग तू पुढे आणलास. पूर्वीची ‘नक्की’ नोंद म्हणजे बंदुकीनं पाडलेला पक्षी. डेव्हिडसनचे रानपिंगळे मेलेले होते म्हणूनच संग्रहात राहिले, आणि संग्रहात राहिले म्हणूनच शंभर वर्षांनी चोरी पकडता आली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचा संग्रह १८८३ पासून उभा राहिला, त्यातल्या एकेका कातड्यावर आपलं आजचं ज्ञान उभं आहे. वादळात किनाऱ्यावर मरून पडलेला समुद्रपक्षी आजही सगळ्यात खात्रीचा. हातात घेता येतो, पंख मोजता येतो, भुवई दिसते. जिवंत पक्षी जितका जिवंत, तितकी खात्री कमी. हे मला कळत होतं, पण असं कोणी माझ्यासमोर मांडलं नव्हतं.

तरीही माझी अडचण संपत नाही. उद्या प्रत्येक जण म्हणेल, ‘पक्ष्याच्या काळजीपोटी मी जवळ गेलो नाही, म्हणून पुरावा नाही, म्हणून माझं नाव खरं धरा.’ दयेला पुराव्याच्या जागी बसवता येणार नाही. तू केलंस ते बरोबर केलंस, पण त्यानं सूटी सिद्ध होत नाही.

उत्सुक : मी सूटी सिद्ध करायला सांगतच नाही आता. ‘किंवा’ लिहितो. पण त्या ‘किंवा’चं कारणही नोंदीत यावं. ‘पक्षी दमलेला असल्यानं चाळीस पावलांच्या आत गेलो नाही.’ पुढच्या वाचणाऱ्याला कळू दे की इथं अज्ञान नव्हतं, थांबणं होतं.

साशंक : लिही. ते वाक्य तर वर्णनाचाच भाग आहे. मिटणारे डोळे, उघडी चोच, हलणारी छाती हेही लिही. तुझ्या सगळ्या बोलण्यात ‘वाऱ्यानं आणलेला’ याचा खरा पुरावा तोच आहे. तीन दिवसांचा वारा हा अंदाज होता. ती छाती ही खूण आहे.

पण मला एक विचारू दे, रागावू नकोस. दौंडच्या माळावर धाविक दिसतो का तुला हल्ली? पाखुर्डी? माळटिटवी? हे वाट चुकून आलेले नाहीत, इथलेच आहेत. कर्नल साइक्सनं दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली ती १८३२ मध्ये, तीही अशाच माळांवर फिरून. आज माळ प्लॉटिंगला जातोय, ऊस चढतोय. एका दिवसाच्या पाहुण्यासाठी आपण दोघं इतके भांडलो. घरच्यांसाठी कधी भांडलो?

उत्सुक : भांडायला हवं. पण दुर्मीळपणा पक्ष्याच्या अंगात नसतो, ताई, जागेत असतो. ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेत इडालिया वादळ आलं आणि तिकडचे रोहित पार ओहायोपर्यंत जाऊन पडले. लोक कित्येक मैल गाड्या हाकत बघायला गेले. तिकडचा रोहित वेगळ्या जातीचा, पण रोहितच. आमच्याकडे भिगवणला रोहित बघायला लोक होडीत बसतात आणि नावाडी सांगतो, ‘उद्या या, अजून जास्त येतील.’ तिकडं त्याच पक्ष्यानं माणसं आभाळाकडे बघायला लागली. माझ्या बांधावरही तेच झालं. मी बसलोय बघून शेजारची दोन पोरं आली, गप्प बसली. एकानं विचारलं, ‘हा समुद्रावरून आला? मग समुद्र तिकडं आहे का?’ आणि त्यानं हात पश्चिमेला केला. तो पोरगा परवा माळावर धाविकाची अंडी कुठं आहेत ते मला दाखवायला घेऊन गेला. आधी कधी गेला नव्हता. पाहुण्यानं घरच्यांची ओळख करून दिली म्हणा.

साशंक : हे मला हवं होतं तितकं उत्तर नाही, पण आहे. त्या पोराला विचारलंस का, पांढरं कपाळावर कसं होतं?

उत्सुक : नाही.

साशंक : तो किती जवळ होता?

उत्सुक : माझ्यापेक्षा पुढे. पोरं बांधाच्या पलीकडून आली होती. उजेडाच्या बाजूनं.

साशंक : मग विचार. पण चित्र दाखवू नकोस.

उत्सुक : दहा दिवस झालेत, ताई. मी त्याच्यासमोर ‘सूटी, सूटी’ दहा वेळा म्हटलंय. पुस्तकही त्यानं माझ्या हातात पाहिलंय. आता तो ‘टिळा’ म्हणाला तर ते त्यानं पाहिलेलं म्हणायचं की माझ्याकडून ऐकलेलं?

साशंक : तेही लिही. काय म्हणाला, कधी म्हणाला, तोवर तू त्याला काय काय सांगितलं होतंस, सगळं. मी प्रश्नचिन्ह काढणार नाही. पण आता ते तुझ्या नावापुढे नाही, पक्ष्यापुढे राहील.

उत्सुक : आणि पुढच्या जूनमध्ये असाच एखादा बांधावर उतरला तर? मी चाळीस पावलांवर थांबू, की पलीकडून वळसा घालू?

साशंक : डोळे मिटत असेल तर थांब. मिटत नसेल तर वळसा घाल. आणि चाळीस पावलांवरून ते नेमकं कळत नसेल, तर मग मलाही सांगता येत नाही.